नवतपातली तपासणी : नागपुरातल्या १९७९च्या घराचा वीजहिशेब

पुण्याहून मुलाचा फोन आला तो सोलरसाठी. नागपूरला त्याच्या आई-बाबांच्या घरावर ५ किलोवॅटचे पॅनेल आणि खाली दीड-दीड टनाचे दोन एसी, असे कोटेशन त्याच्या हातात होते. "दादा, एकदा नजर टाका, मी लगेच हो कळवतो," एवढेच त्याचे म्हणणे होते. मी घरांचा वीजवापर तपासतो. त्याला म्हटले, आठ दिवस थांब, आधी मला घर पाहू दे. मे २०२४चा तिसरा आठवडा होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ अति तापणारे दिवस, तोंडावर आला होता. घराची उन्हाळ्यातली खरी प्रकृती पाहायची तर याहून चांगला मुहूर्त नाही.

घर पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमधले, १९७९ साली बांधलेले. त्याचे बाबा, म्हणजे काका, निवृत्त शिक्षक, वय ७६, आई म्हणजे काकू ७१. एकमजली, साधारण ९०० चौरस फुटांचे बांधकाम, गच्चीवर सिमेंटच्या पत्र्यांची एक खोली. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, स्लॅब पाच इंची. त्यावर कोबा नाही, नुसता सिमेंटचा गिलावा, तोही उन्हापावसाने काळवंडलेला. तोंड पश्चिमेला. पुढे व्हरांडा, मग हॉल, मागे पूर्वेकडे झोपायची खोली, बाजूला स्वयंपाकघर.

मी घरात शिरलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मुद्दामच ती वेळ निवडली होती. दुपारी घर तापते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण पाच इंची स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात आणि नऊ इंची भिंतीतून सहा-सात. म्हणजे दुपारी तीनला गच्चीवर पडलेले ऊन संध्याकाळी सातला छतात पोचते, आणि साडेचारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेले ऊन रात्री अकराला पलंगाशी येते. काकांनी मला भिंतीवर हात ठेवायला लावला. "पाहा, तवाच आहे. रात्री बारापर्यंत असाच." घर त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा गरम होते, आणि दोघे दारे-खिडक्या लावून आत बसले होते, कारण कुलर सुरू होता.

आधी बिल, मग मीटर

तपासणीची सुरुवात मी नेहमी बिलापासून करतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. काकांनी तर वर्षभराची बिले तारखेवार लावून ठेवली होती, शिक्षकाचीच शिस्त. बारा महिन्यांची बेरीज ४,०६० युनिट. सगळ्यात कमी फेब्रुवारीत, २३० युनिट. सगळ्यात जास्त आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, ५६०. २०२४च्या एप्रिलचे ४५५.

सगळ्यांची नजर ५६०वर जाते. माझी आधी २३०वर गेली. फेब्रुवारीत नागपुरात कुलर नाही, पंखेही जेमतेम. दोन माणसे, दिवसभर घरात, तरी २३० युनिट? हा घराचा पाया आहे, बाराही महिने लागणारा. तो खाली आणला की फायदा बारा वेळा मिळतो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत जातो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. १००च्या पुढे गेलात की युनिटची किंमत जवळजवळ दुप्पट होते आणि ३००च्या पुढे आणखी चढते. त्यामुळे वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत महागातले युनिट असते.

मग मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला लिहिलेले असते की किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट. या मीटरवर ३,२०० होते. घरातला एकूण एक दिवा, पंखा, कुलर, फ्रिज बंद केला. घर गप्प झाले. दिवा मात्र लुकलुकतच होता, दर सोळा सेकंदांनी एकदा. हिशेब सोपा आहे: छत्तीस लाख (एका युनिटमधले वॅट-सेकंद) भागिले ३,२०० भागिले १६, म्हणजे ७० वॅट. काही न चालवता ७० वॅट, दिवसरात्र. महिन्याला ५० युनिट.

"सगळं बंद आहे नं?" काकांनी दोनदा विचारले. आम्ही एकेक प्लग शोधत निघालो. डोअरबेल, राउटर, सेट-टॉप बॉक्स. मग जिन्याखालचा इन्व्हर्टर. त्याचे मेन बटण बंद केले आणि मी परत मीटरपाशी येऊन घड्याळ लावले. पुढचे लुकलुकणे नव्वद सेकंदांनी आले. म्हणजे उरले साडेबारा वॅट. बाकीचे सगळे, ५८ वॅट, त्या इन्व्हर्टरच्या पोटात जात होते.

बॅटरीला हात लावला तर ती कोमट होती. २०१७ची बॅटरी, पाण्याची पातळी खाली गेलेली. अशी म्हातारी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. चार्जर बिचारा तिला रात्रंदिवस भरत राहतो आणि ती ती वीज उष्णता करून सोडत राहते. भारनियमनाच्या काळात तास-तास वीज जायची तेव्हा घेतलेला इन्व्हर्टर तो. आता वीज महिन्यातून एखाद-दोनदा जाते. पण काकू म्हणाल्या ते मला पटले: "रात्री गेली तर यांना बाथरूमला जाताना दिसत नाही." म्हणून नुसता काढून टाकला नाही. बोळीत आणि बाथरूमबाहेर वीज गेली की आपोआप लागणारे दोन रिचार्जेबल एलईडी दिवे लावले, राउटरला छोटा बॅकअप दिला, आणि मग इन्व्हर्टर बाहेर गेला. महिन्याचे बेचाळीस युनिट या एका कामाने कमी झाले. सोलरच्या भाषेत बोलायचे तर या बॅटरीला पोसायलाच एक किलोवॅट पॅनेलचा एक-तृतीयांश भाग खर्ची पडला असता, कारण एक किलोवॅट आपल्याकडे महिन्याला साधारण १२० युनिट देतो.

टेस्टर पेटला

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलर पाहायला घेतला. लोखंडी बॉडीचा, मोठा, हॉलच्या खिडकीला लावलेला. वायरिंग तपासताना सवयीने टेस्टर कुलरच्या पत्र्याला टेकवला आणि त्यातला दिवा पेटला. मंद, पण पेटला.

ही गोष्ट विजेच्या बचतीची नाही, तरी ती इथे सांगितलीच पाहिजे. दर उन्हाळ्यात विदर्भात कुलरच्या शॉकने माणसे दगावतात. ओली फरशी, अनवाणी पाय, पाण्याचा पाइप घेऊन कुलर भरणारा हात आणि आत सोललेली पंपाची वायर. घराचे अर्थिंग १९७९चे, मीठ-कोळशाच्या खड्ड्यातले, आणि त्या खड्ड्यात कित्येक वर्षांत कोणी तांब्याभर पाणी ओतलेले नव्हते. मोजले तर रोध ४० ओहमच्या वर. घराला तो ५च्या आत हवा. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, नव्हतीच. म्हणून माझ्या अहवालात पहिली ओळ बचतीची नव्हती: कुलर आजच बंद, नवे अर्थिंग, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, पंपाची वायर नवी, हे झाल्याशिवाय पुढे काहीही नाही. त्या घराला त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियन मिळाला आणि दोन दिवसांत काम झाले. कोणी जुने घर तपासायला बोलावले आणि तुम्ही फक्त युनिटे मोजून परत आलात, तर ते काम अर्धे नाही, चुकीचे आहे असे मी मानतो.

कुलर का लागत नव्हता

"कुलर लावून राहिलो तरी अंग चिकटते," काकू म्हणाल्या. "आधी असं नव्हतं होत."

"आधी म्हणजे कधी?"

त्यांनी थोडा विचार केला. "व्हरांडा मोकळा होता तेव्हा."

निदान त्यांनीच केले होते. मला फक्त मोजायचे राहिले. २०१२ साली धूळ येते म्हणून व्हरांड्याच्या ग्रिलला आतून अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या. कुलर होता तिथेच राहिला, हॉलच्या खिडकीत. पण त्याची पाठ आता मोकळ्या हवेत नव्हती, बंद व्हरांड्यात होती. तो हॉलमध्ये ओली हवा ढकलायचा, ती दाराच्या फटीतून व्हरांड्यात यायची, आणि तीच हवा तो पुन्हा ओढायचा. शिवाय झोपायच्या खोलीचे आणि हॉलचे खिडक्यांवरचे झरोके ऑइलपेंटने चिकटून बसलेले, एकावर तर खोक्याचा पुठ्ठा ठोकलेला. हवा बाहेर जायला वाटच नव्हती.

कुलर हे यंत्र कोरड्या हवेवर जगते. मे महिन्यात दुपारी नागपुरात तापमान ४४ आणि आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा ताट्या (कुलरच्या बाजूंना लावलेल्या, पाणी झिरपणाऱ्या तंतूंच्या जाळ्या) ओल्या असतील तर आतली हवा २८ अंशांपर्यंत येऊ शकते. अट एकच: आत घेतली जाणारी हवा बाहेरची, कोरडी असली पाहिजे, आणि वापरून झालेली ओली हवा समोरून निघून गेली पाहिजे. या घरात कुलरच्या तोंडाशी ३२ अंश मिळाले, हॉलमध्ये ३६ अंश आणि आर्द्रता ६८ टक्के. म्हणूनच अंग चिकटत होते, आणि म्हणूनच एसीचे कोटेशन आले होते.

उपाय अर्ध्या दिवसाचा होता. कुलरच्या पाठीमागच्या दोन सरकत्या काचा उतरवून तिथे फक्त ग्रिल आणि मच्छरजाळी ठेवली. सुताराने झरोक्यांचा रंग पटाशीने खरवडून ते मोकळे केले, बिजागऱ्यांना तेल दिले. ताट्यांमधले लाकडी तंतू तीन वर्षांचे, क्षारांनी दगड झालेले. ते बदलून वाळा भरला. काकूंना वाळ्याचा वास हवा होता आणि मलाही. अर्थिंगचे काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कुलर सुरू केला. तासाभराने तोंडाशी २८, हॉलमध्ये ३१, आर्द्रता ५२ टक्के. काका वर्तमानपत्र घेऊन समोर बसले आणि थोड्या वेळाने उठून त्यांनी कुलर "लो" वर केला.

जुन्या घरांकडे पाहताना मला दर वेळी हे जाणवते की बांधणाऱ्याने बरेच काही बरोबर केलेले असते. उंच छत, झरोके, दीड फुटांचा सज्जा, पश्चिमेला मोकळा व्हरांडा. १९७९मध्ये हे घर बांधणाऱ्या मिस्त्रीला नवतपा ठाऊक होता. पुढे धुळीसाठी, डासांसाठी, चोरांसाठी, गाडीसाठी आपणच एकेक गोष्ट बुजवत गेलो. पश्चिमेच्या कोपऱ्यात एक कडुनिंब होता, तो २०१६ला पार्किंगसाठी तोडला. त्याची सावली चार वाजता बरोबर हॉलच्या भिंतीवर पडायची, हे काकांनी हाताने दाखवले.

गच्ची

मुख्य दोषी मात्र स्लॅबच होता. दुपारी अडीच वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने गच्चीचा पृष्ठभाग मोजला: ६१ अंश. हे यंत्र हाती घेणाऱ्याने एक काळजी घ्यावी. चकचकीत धातूवर ते खोटे आकडे दाखवते. स्टीलच्या टाकीचे तापमान घ्यायचे तर आधी तिच्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. मोजणारे यंत्रही तपासावे लागते. त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडला होता हे हवामान खात्याने नंतर सांगितले.

स्लॅबमधून उष्णता किती झिरपते ते यू-व्हॅल्यूने सांगतात: दोन बाजूंत एक अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात. नुसत्या पाच इंची काँक्रीटचा हा आकडा साडेतीनच्या जवळ येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात छताची मर्यादा १.२ आहे. जुन्या घराला ती लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून पुरे आहे: हे छत आजच्या मर्यादेच्या तिप्पट उष्णता आत सोडते.

दोन मार्ग होते. एक, वर एक्सपीएस या कडक फोमचे ५० मिलिमीटरचे इन्सुलेशन, त्यावर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि फरशी. यू-व्हॅल्यू अर्ध्याच्या आसपास येते, पण खर्च मोठा, आणि मुलाच्या मनात चार-पाच वर्षांत वर मजला चढवायचा विचार. तेव्हा हे सगळे उखडावे लागले असते. दुसरा, गच्ची पांढरी करणे. उष्णता आत आल्यावर अडवण्यापेक्षा ती अंगावर घ्यायचीच नाही, आणि रात्री स्लॅबला आकाशाकडे मोकळे होऊ द्यायचे. मी दुसरा सुचवला. काकांना तो फारच स्वस्त वाटला आणि स्वस्त म्हणून शंकाही आली. "चुन्याने काय होणार?"

म्हणून आम्ही अर्धीच गच्ची रंगवली.

आधी दोन रात्री रंगाशिवाय मोजमाप घेतले. रात्री नऊला हॉलचे छत ४१.५, झोपायच्या खोलीचे ४०.५. एक अंशाचा फरक मुळातच होता. मग फक्त झोपायच्या खोलीवरचा भाग घेतला. गच्ची झाडून, धुऊन, भेगांमध्ये क्रॅकफिलर भरून वाळू दिली. विरी गेलेला चुना रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळला, त्यात पांढरे सिमेंट आणि फेव्हिकॉल मिसळले, आणि २४ मेच्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. उन्हात चुना मारला तर तो पकडायच्या आतच भुकटी होतो, एवढे सांभाळावे लागते. गच्चीच्या मधोमध एक सरळ रेघ उभी राहिली, एका बाजूला काळे, एका बाजूला पांढरे.

२७ आणि २८ मे, नवतपाचे तिसरे-चौथे दिवस. दुपारी अडीचला काळ्या बाजूला ६१, पांढऱ्या बाजूला ४५. काका चप्पल काढून रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पाहत होते. काळ्या बाजूचा पाय त्यांनी लगेच उचलला. रात्री नऊला हॉलचे छत होते तसेच, ४१.५. झोपायच्या खोलीचे ३६.५. मूळचा एक अंश वजा केला तरी चार अंशांची निव्वळ घट, त्याच दिवशी, त्याच घरात, त्याच उन्हात. त्या रात्री दोघे झोपायच्या खोलीत झोपले. त्याआधी पंधरा दिवस ती खोली नुसती कपाटे ठेवायला होती.

मे महिन्यातल्या दुपारी गच्चीच्या दर चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडते. काळे सिमेंट त्यातले पाऊण भाग पिते, नवा चुना पाव भाग. ९०० चौरस फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. गुणाकार केला तर भर दुपारी ३८ किलोवॅट उष्णता स्लॅबने अंगाला लावूनच घेतली नाही. त्यातली बरीचशी वाऱ्याने तशीही उडून गेली असती हे खरे, पण ५ किलोवॅटच्या पॅनेलवर दोन एसी चालवून हाकलायची होती ती हीच उष्णता. दुसऱ्या दिवशी उरलेली गच्चीही रंगली. मजुरी धरून सगळे साडेपाच हजारांत. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, धूळ बसून मळतो, म्हणून होळीनंतर दर वर्षी एक हात मारायचा. आणि चुना म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पॅरापेटच्या कोपऱ्यातली ओल वेगळी दुरुस्त करून घेतली.

पश्चिमेच्या काचांसाठी बाहेरून पाइपची चौकट उभी करून हिरवी नेट ताणली, भिंतीपासून दोन फूट लांब, आणि खाली मधुमालती लावली. पडदा आतून लावला तर ऊन आधीच काचेच्या आत येऊन बसलेले असते. सावली बाहेरच हवी.

बाकीची यंत्रे

पंखे चार, प्रत्येकी ७५ वॅटच्या आसपास, दोन तर जुन्या डब्याएवढ्या रेग्युलेटरवर, जो वेग कमी केला तरी वीज स्वतःच्या पोटात जाळतो. बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३२ वॅटचे घेतले. छतावरच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३पासून स्टार लेबल सक्तीचे आहे, त्यामुळे दुकानात तुलना करणे सोपे झाले आहे. उन्हाळ्यात याने महिन्याला साठेक युनिट वाचतात. तांब्याच्या चोकवाल्या चार ट्यूबलाइट चोकसह ५२ वॅट खायच्या. तिथे २० वॅटचे एलईडी.

फ्रिजवर बोलणे जड गेले. १९९८चा, आणि अजून "चांगला चालतो". प्लगमध्ये मीटर लावून एक दिवस ठेवला: २.६ युनिट. दाराच्या रबरात कागद धरून ओढला तर तो सहज निघाला. नवे रबर बसवूनही आकडा २.३च्या खाली आला नाही. माझे मत मी स्पष्ट सांगितले, आणि काकूंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. दिवाळीला नवा आला, दिवसाला पाऊण युनिटच्या आतला. जुना मी आग्रह करून भंगारात द्यायला लावला. मागच्या खोलीत "पाण्याच्या बाटल्यांसाठी" तो ठेवला असता तर बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढले असते.

एसीला मी पूर्ण नाही म्हटले नाही. जुलै ते सप्टेंबर हवा ओली असते तेव्हा कुलर निरुपयोगी, आणि सत्तरीच्या पुढच्या हृदयाला रात्रीची दमट उष्णता सोसत नाही. झोपायच्या खोलीत एक टनाचा एकच इन्व्हर्टर एसी, २४ अंशांवर, सोबत पंखा संथ. छत थंड झाल्यामुळे एक टन पुरतो. आधीच्या छताखाली दीड टनही धापा टाकत राहिला असता.

वर्षभरानंतर

मे-मेची तुलना मी करत नाही, कारण २०२५चा मे राज्यभर अवकाळी पावसात भिजला.  तुलनेसाठी एप्रिल धरला: आधीच्या हिशेबातले ४५५ युनिट, २०२५च्या एप्रिलला २८५. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातले सगळे १५५ युनिट गेले. फेब्रुवारी १३० वर आला. एसीच्या रात्री धरून वर्षाचा वापर २,८००च्या आत बसतो.

मग सोलरचे कोटेशन पुन्हा काढले. ५ किलोवॅट वर्षाला ७,०००च्या आसपास युनिट देणार, घराला लागणार त्याच्या निम्म्याहून कमी, आणि वर्षाअखेर उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा कितीतरी कमी. २ किलोवॅट पुरेसे होते. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान मिळते; तीन किलोवॅट आणि पुढे कितीही घेतले तरी ७८,०००वर ते थांबते. स्टँडचे पाय ओल दुरुस्त केलेल्या जागा टाळून, बीमच्या रेषेत घेतले आणि पॅनेलखाली माणूस वाकून चुना मारू शकेल एवढी उंची ठेवली. २०२५च्या दिवाळीआधी ते सुरू झाले.

वरची सिमेंटच्या पत्र्यांची खोली तशीच आहे. त्या काळच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते कापू नका, खरवडू नका, ड्रिल मारू नका, असे मी लिहून दिले आहे आणि खोलीला कुलूप आहे. मजला चढेल तेव्हा ते पत्रे ओले करून, न फोडता, अखंड उतरवावे लागतील. कोपऱ्यात, पार्किंगची एक फरशी काढून, काकांनी कडुनिंबाचे रोप लावले आहे. सध्या ते कमरेएवढे आहे.